उठायला काय लागतं

मेजर पहिल्यांदा आमच्या केंद्रात आले तेव्हा स्वतःचं नाव सांगायच्या आधी त्यांनी बाकडं दुरुस्त केलं.

रुग्णांसाठी ठेवलेलं ते लाकडी बाकडं एका पायानं लंगडं होतं. कोणी बसलं की डावीकडं कलायचं, उठलं की खटकन परत यायचं. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो ऐकूही येत नव्हता. मेजरांनी पँटच्या खिशातून लाकडाची एक पाचर काढली, गुडघा टेकून ती बाकड्याच्या पायाखाली सारली, बुटाच्या टाचेनं ठोकली, बाकडं हलवून बघितलं आणि मग माझ्या टेबलासमोर येऊन ताठ उभे राहिले.

"हां. आता लिवा नाव."

मी तेव्हा एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात समुपदेशक होते. नोकरी नवी होती. केंद्र सांगली जिल्ह्यात, मिरजेहून जवळ. मेजर मात्र साताऱ्याकडचे, रहिमतपूरच्या बाजूच्या एका खेड्यातले. त्यांना जवळ दुसरं केंद्र नव्हतं असं नाही, पण तिथं ओळखीचं कोणीतरी भेटलं असतं. म्हणून सकाळची पॅसेंजर पकडून ते मिरजेला उतरायचे आणि तिथून आमच्याकडं यायचे. सगळीकडं असंच चालतं. सांगलीची माणसं कोल्हापूरला जातात, साताऱ्याची सांगलीला येतात. आजार लपवायला माणूस किती लांब जातो, हे त्या नोकरीत मला कळलं.

मेजर आपले नावाला. खरं तर ते हवालदार म्हणून रिटायर झालेले. पण आमच्याकडं पलटणीतून परत आलेल्या माणसाला गाव मेजरच म्हणतं. फौजेत ते पूल बांधणाऱ्या तुकडीत सुतार होते. त्या सवयीनं असेल, त्यांच्या खिशात कायम पाचरी असायच्या. हलणारी वस्तू त्यांना सोसायची नाही. माझं टेबल, औषधांच्या खिडकीची फळी, पाण्याचं स्टूल, हळूहळू सगळ्यांखाली त्यांच्या पाचरी गेल्या. भिंतीवरचं एखादं पोस्टर वाकडं असलं तर ते सरळ केल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नसत.

बाकडं त्यांनी सरळ केलं, पण स्वतः कधी त्यावर बसले नाहीत. हात मागं बांधून, भिंतीला पाठ न टेकता उभे राहायचे. रांगेत कोणी मान खाली घालून बसलेला दिसला की आवाज यायचा, "ए गड्या, मान वर! चोरी केलीया का?" काहीजण दचकायचे. काहींना ते आवडायचंही. आजाराला ते आजार म्हणत नसत, पोस्टिंग म्हणत. "ही आपली शेवटची पोस्टिंग हाय. जागा बेकार हाय, पर बदलीचा अर्ज कुनी घेत न्हाई." गोळ्यांना राशन म्हणत. आणि सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडं एकच उपाय होता, टाईम. पहाटे उठायचं, दाढी करायची, पळायला जायचं, नाष्टा करायचा, राशन घ्यायचं.

"आजारानं न्हाई मरत कुनी, ताई. ढिलं पडून मरतात."

गावात त्यांनी मिरजेच्या खेपांचं काय कारण सांगितलं होतं ते ऐकून मला हसू आवरेना. हा माणूस दर महिन्याला मिरजेला कशाला जातो, असं कोणीतरी विचारलं. मिरज म्हटलं की एकतर दवाखाने, नाहीतर सतारी-तंबोरे. दवाखाना म्हणायची सोय नव्हती, म्हणून गडबडीत मेजरांच्या तोंडून निघून गेलं, "तंबोरा करायला टाकलाय." मग गाव विचारायला लागलं, झाला का तंबोरा? किती महिने नाही म्हणणार? शेवटी त्यांनी वाद्यांच्या गल्लीत जाऊन खरोखरच एक जुना तंबोरा घेतला आणि पॅसेंजरमधून, पोर घ्यावं तसा छातीशी धरून, उभ्यानं गावी नेला. तेवढ्यावर भागलं नाही. घरात तंबोरा आहे म्हटल्यावर भजनी मंडळानं त्यांना ओढलं. सुराचा आणि मेजरांचा काही संबंध नव्हता.

"पर म्हणतो की मी," ते गंभीरपणे मला म्हणाले. "एकदा खोटं बोललं म्हंजे निभवाय नको व्हय?"

मिरजेच्या खेपा चालूच राहिल्या. आता कारण होतं तारा बदलायचं.

हे सगळं ते सांगत असताना त्यांची बायको मागं, जरा अंतर ठेवून बसलेली असायची. मी त्यांना काकू म्हणायची. काकूंना हा आजार मेजरांकडून आला होता आणि मेजरांना कुठल्यातरी लांबच्या पोस्टिंगवर. त्याबद्दल त्यांनी आडपडदा ठेवला नव्हता. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हिचा काय दोष न्हाई. माझं हाय ते." पण एकदा असं स्वच्छ सांगून टाकलं की तो विषय तिथं मिटला, असंही त्यांना वाटत असावं. काकूंच्या बाजूनं तो मिटला होता का, हे कोणी विचारलं नव्हतं.

"पयली लय बोलायची," ते सांगायचे. "रेडिओ म्हणायचो मी तिला. सुट्टीवर आलो की कान किटायचं माझं. गल्लीतल्या बाया हसायला हिच्याकडं यायच्या."

ती बाई मला कधी भेटलीच नाही. मला भेटल्या त्या काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, परत गुंडाळायच्या. कशा आहात? "बरं हाय." जेवण? "जातंय." झोप? "लागती की." ही उत्तरं खरी नव्हती, हे वजनाचा काटा दर खेपेला सांगत होता. रिपोर्ट मात्र चांगला होता. गोळ्यांनी रक्तातला विषाणू पार दबला होता. कागद बघणाऱ्याला वाटावं, ही बाई ठणठणीत आहे. आणि समोर ती दर महिन्याला थोडी थोडी कमी होत होती.

मेजरांनी घरी तिच्यासाठी वेळापत्रक आखलं होतं. पहाटे उठवायचं, अंगणात चालवायचं, समोर बसून जेवायला लावायचं, तळहातावर गोळी ठेवायची, पाण्याचा तांब्या पुढं करायचा. नाही उठली तर पांघरूण ओढायचं.

"तोंडावर पाणी मारतो, ताई. उठायला काय लागतं? पाय खाली टाकला की उठला माणूस."

हे ते काकूंच्या देखतच सांगायचे. त्यात दुष्टावा नव्हता. पलटणीत नव्या पोरांना त्यांनी असंच उभं केलं होतं आणि ती पोरं उभी राहिली होती. बायको बरी व्हावी म्हणून त्यांना जे येत होतं ते सगळं ते करत होते. त्यांना तेवढंच येत होतं.

एकदा मेजर औषधांच्या खिडकीवर रांगेत होते आणि काकू माझ्यासमोर एकट्या होत्या. बराच वेळ पदराशी खेळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, एक सांगू का? वराडणार न्हाई न्हवं?"

"नाही, काकू. सांगा."

"मी गोळी थुकतीया. म्हैना झाला."

मी पेन खाली ठेवलं.

"गालात धरती. हे लांब गेलं की घरामागं परड्यात थुकती."

"त्रास होतो का गोळीनं?"

"न्हाई वो. गोळी चांगली हाय." मग म्हणाल्या, "पर ती खाऊन जगायचं कशापायी, ते ध्यानात येत न्हाई. सकाळ झाली की वाटतंय, आली का परत. जीव लय जड झालाय. उठवतच न्हाई. ह्यांना वाटतंय मी आळस करती."

आम्हाला शिकवलं होतं की अशा वेळी सरळ विचारायचं. मी विचारलं, "काकू, जीव द्यावा असं मनात येतं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. "तेवढी बी ताकद न्हाई आता," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना सांगू का, असं मी विचारलं तेव्हा त्या हो म्हणाल्या. फक्त गोळ्या थुंकण्याचं मेजरांच्या कानावर घालू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी त्याच दिवशी दोघांना आत बोलावलं. त्यांनी समजावून सांगितलं की काकूंना नैराश्य आलंय, हा खराखुरा आजार आहे, आपल्याकडं येणाऱ्या कितीतरी जणांना तो होतो. दर गुरुवारी मनाचे डॉक्टर येतात. त्यावर गोळी आहे, बोलून होणारा उपचार आहे. काकू बऱ्या होतील.

मेजर ऐकत होते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, एक रोग म्या दिलाय हिला. आता येडी म्हणून दुसरा शिक्का नगा मारू."

"हे वेड नाही, मेजर. आणि असंच राहिलं तर आपल्या गोळ्याही लागू पडणार नाहीत."

"माझ्या डोळ्यांम्होरं गोळी घेती ती. गुरुवारी हितं कोण येतंय ते बघितलंय मी. मी करतो हिला सरळ. चल गं."

काकू उठल्या. मी दारापर्यंत गेले, म्हटलं, "मेजर, एकदा तरी दाखवा." ते थांबले नाहीत. ते पुढं, काकू मागं. फाटकापर्यंत दोघं तशीच गेली.

पुढच्या महिन्यापासून मेजर एकटेच यायला लागले. "हिचं गुडघं धरल्यात. हिच्या बी द्या." मी दर वेळी म्हणायची, काकूंना आणा. ते पोस्टर सरळ करायचे. मी फोन करायची, तर उचलून म्हणायचे, "टाईमशीर चाललंय सगळं," आणि ठेवून द्यायचे. पावसाळा सरता सरता काकूंना ताप आला, मग दम लागायला लागला. साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा शरीरात लढायला काही उरलंच नव्हतं. आठवड्याभरात त्या गेल्या. थुंकलेल्या गोळ्यांचं तिथल्या डॉक्टरांना रक्त बघून कळलं आणि त्यांच्याकडून मेजरांना.

गावात त्यांनी सांगितलं, कावीळ झाली होती.

त्यानंतर मेजर आलेच नाहीत. फोन बंद. मॅडम म्हणाल्या, जाऊन ये. कोणाच्या घरी जायचं तर केंद्राचं नाव काढायचं नाही, असा आमचा नियम. गावात शिरताना पारावरच्या एका माणसानं विचारलं, कुणाकडं? मी म्हटलं, "मेजरांकडं. मिरजेहून आलेय, तंबोऱ्याच्या तारांचं काम आहे."

"व्हय व्हय, जावा की. पर त्ये काय उठत न्हाईत आता. बायको गेली न्हवं."

दुपारची वेळ होती. दार उघडंच होतं. गोठ्यातली म्हैस शेजारची बाई येऊन पिळून जात होती, असं नंतर कळलं. मेजर खाटेवर पडून होते. दाढी वाढलेली, अंगावरचा सदरा किती दिवसांचा होता कोण जाणे. तंबोरा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवलेला. मी पाणी द्यायला वाकले तेव्हा खाट एका बाजूला कलली. तिचा एक पाय हलत होता.

"बसा, ताई," ते म्हणाले. उठले नाहीत. "चा करणारं कुनी न्हाई."

"गोळ्या चालू आहेत का?"

"कुठलं राशन."

मी खाली चटईवर बसले. ते आढ्याकडं बघत होते. तसेच बोलायला लागले, तेही मला सांगत असल्यासारखं नाही.

"ती म्हणायची, उठवत न्हाई. मी म्हणायचो, उठायला काय लागतं. आज सकाळधरनं पाय खाली टाकायचा म्हणतोय. लघवीला लागलीया. पाय हितंच हाय. टाकवत न्हाई." मग त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "म्हंजे हे असं हुतं तिला. हे असं, ताई. आन् मी तिच्या तोंडावर पाणी मारत हुतो."

प्रशिक्षणात आम्हाला अशा वेळी काय बोलावं ते शिकवलं होतं. त्यातलं मला काही आठवलं नाही. मी एवढंच म्हणाले, "मेजर, हा आजार आहे. तोच तुम्हाला झालाय. आणि तो बरा होतो."

ते पडून राहिले. बाहेर म्हैस ओरडत होती. शेवटी ते म्हणाले, "हात द्या."

मी हात दिला.

त्या गुरुवारी ते आले. कसे आले ते त्यांनाच माहीत. शर्टाची बटणं एक काज चुकून लावलेली. आमचे गुरुवारचे डॉक्टर तरुण होते, हळू आवाजात बोलायचे. त्यांनी झोपेचं, भुकेचं, मनात काय येतं त्याचं, सगळं सावकाश विचारलं. मेजरांनी खरं खरं सांगितलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. लगेच फरक वाटणार नाही, काही आठवडे जातील, तोवर सोडू नका, दर गुरुवारी येऊन बोलत जा, असं सांगितलं.

मी गोळ्या आणून मेजरांच्या हातात दिल्या. त्यांनी ते पाकीट उलटंसुलटं करून बघितलं.

"साब, ही गोळी तवा हुती का? मागल्या साली?"

डॉक्टरांनी त्या पाकिटाकडं बघितलं. "होती."

"हितंच?"

"बाहेर. औषधांच्या खिडकीवर."

"म्हंजे मी राशनला उभा ऱ्हायचो त्याच..." मेजरांनी वाक्य पुरं केलं नाही.

"तुम्हाला तेव्हा ते ओळखता आलं नाही," डॉक्टर म्हणाले. "भल्याभल्यांना येत नाही."

"तसं न्हाई, साब. मला सांगितलं हुतं. मॅडमनी सांगितलं, ह्या ताईंनी सांगितलं. मी ऐकलं न्हाई." त्यांनी पाकीट घडी केल्यासारखं दाबून वरच्या खिशात ठेवलं आणि खिशावर हात ठेवून उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांची समजूत काढली नाही.

बरं होणं हळू असतं. पहिले काही आठवडे मेजर येऊन चिडायचे, की साब, काय उपेग न्हाई. मग एका गुरुवारी म्हणाले, काल आमटी तिखट झाली होती, कळलं जिभेला. पुढं कधीतरी दाढी केलेली दिसली. खाटेच्या पायाखाली पाचर घातली, हेही त्यांनीच सांगितलं, अगदी सहज, म्हशीचं सांगावं तसं.

त्याच सुमाराला मी आणि गुरुवारच्या डॉक्टरांनी मागच्या खोलीत एक बैठक सुरू केली होती. दुपारी थोडी माणसं गोल बसायची आणि बोलायची. घरात कोणी ताट वेगळं ठेवलं, कोणाचा नवरा गेल्यावर सासरच्यांनी हाकललं, कोणाला रात्र सरत नाही. पुढच्या गुरुवारपर्यंत एखादं छोटं काम करायचं, एवढं ठरवून उठायचं. मेजर त्यात यायचे ते भिंतीशी उभे राहायचे. बोलायचे नाहीत.

जतकडची एक बाई बैठकीला यायला लागली. मेंढरं राखणारं घर. नवरा ह्याच आजारानं गेलेला. दिरानं गोठ्याशेजारी वेगळी खोली दिलेली. पहिल्या दोन बैठकांत ती काही बोललीच नाही. तिसऱ्या वेळी म्हणाली, "सकाळी मेंढरं सोडायची असत्यात. ती वरडत्यात, मला ऐकू येतंय. आन् मला उठवत न्हाई."

खोलीतली जुनी माणसं नकळत मेजरांकडं बघायला लागली. त्यांचं 'मान वर' सगळ्यांनी ऐकलेलं होतं. मेजर भिंतीपासून निघाले, एक खुर्ची ओढली आणि त्या बाईच्या शेजारी बसले. आमच्या केंद्रात त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "न्हाईच उठवत."

दुसरं काही बोलले नाहीत. ती बाई रडायला लागली. आणि मेजर तिच्या शेजारी हात गुडघ्यांवर ठेवून, बैठक संपेपर्यंत बसून राहिले.

नंतर त्यांना नवीन खूळ लागलं. बैठकीतल्या माणसांना ते रोज सकाळी फोन करायचे. मला वाटलं, पुन्हा कवायत सुरू झाली. मी त्या जतच्या बाईला विचारलं, मेजर फोनवर काय सांगतात? ती म्हणाली, "काय न्हाई. आज कसं हाय, एवढं इचारत्यात. मंग गपच असत्यात. पर तिकडं हायत असं वाटतंय. तवर मी उठती."

पुढं बरेच महिने ठीक गेल्यावर डॉक्टरांनी त्यांची मनाची गोळी हळूहळू बंद केली. काही दिवसांनी मेजर गुरुवार नसताना आले आणि दारातच म्हणाले, "ताई, ढिला पडलोय. साबला सांगा." गोळी पुन्हा सुरू झाली. जाताना थोडं हसून म्हणाले, "ह्या खेपेला आधी कळलं."

ते जाऊनही आता काळ झाला. आजारानं गेले नाहीत, नैराश्यानंही नाही. दुपारी जेवून ओट्यावर बसले होते, हृदय बंद पडलं. साध्या माणसासारखं मरण आलं त्यांना. मला त्यांच्या मुलानं कळवलं. तो मुलगाही फौजेत आहे. मधली बरीच वर्षं तो बापाशी बोलत नव्हता. शेवटी शेवटी फोन करायचा, तोही मला. "बाबा गोळ्या घेतात का?" एवढंच विचारायचा. मी हे मेजरांना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "इचारतोय न्हवं? झालं की."

मुलाचं आणि त्यांचं तुटलं ते काकूंच्या वर्षश्राद्धाला. मी तिथं होते. मेजरांनीच बोलावलं होतं. म्हणाले होते, "ताई, तुमी याच. लोकांना मला एक सांगायचं हाय. मधीच पाय लटपटलं तर कुनीतरी पायजे."

अंगणात मांडव होता. भाऊबंद, पाहुणे पंगतीला बसले होते. पानं वाढून झाली होती. मुलगा सुट्टी काढून आला होता, हातात पाण्याची बादली घेऊन फिरत होता. दाराशेजारी घोंगडीवर काकूंची आई बसली होती. पाटणकडच्या डोंगरातल्या गावातून तिला गाडी करून आणलं होतं. खूप म्हातारी, पण कान शाबूत.

मेजर मधोमध येऊन उभे राहिले.

"घास घ्यायच्या आधी ऐका. ही काविळीनं गेली न्हाई. हिला एचआयव्ही हुता. माझ्याकडनं झाला. मला बी हाय. पर हिचं औषध चांगलं चाललं हुतं, ती जगली असती. हिचं मन आजारी पडलं हुतं. त्याला बी औषध हुतं. डॉक्टरनं सांगितलं आन् मी घेऊ दिलं न्हाई. मला वाटलं ही आळस करती. मी हिला रोज वराडलो. ती आळस करत नव्हती. एवढंच सांगायचं हुतं."

मेजरांचा थोरला भाऊ उठला. "डोकं फिरलंय तुझं," म्हणाला आणि चपला घालून निघाला. त्याच्यामागं आणखी काहीजण उठले. बायकांनी पोरांना पानावरून उठवलं. मुलानं बादली खाली ठेवली, अंगण ओलांडलं आणि अनवाणीच बाहेर गेला. मेजरांनी त्याला हाक मारली नाही. मांडवात वाढलेली पानं तशीच राहिली आणि त्यांच्यामध्ये मेजर उभे.

म्हातारी मात्र हलली नव्हती. ती म्हणाली, "जावईबापू, मला का न्हाई कळवलं? मी आले असते की. तिच्याजवळ बसले असते."

मेजरांनी मान खाली घातली. मी जवळ गेले तेव्हा म्हातारीनं माझ्याकडं मान वर करून बघितलं.

"पोरी, तू तिथली का? औषध देत्यात तिथली?"

"होय, आजी."

"माझी लेक बोलायची का तुझ्याशी?"

मी मेजरांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, सांगा म्हणून. मी तिच्या शेजारी घोंगडीवर बसले. काकू फार थोडं बोलल्या होत्या, पण जे बोलल्या होत्या ते मी विसरले नव्हते. जीव जड झालाय म्हणाल्या होत्या ते सांगितलं. आणि त्याच दिवशी आणखी एक बोलल्या होत्या, जे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, मला एकदा आईकडं जाऊन निजायचं हाय. ऊन डोक्यावर आलं तरी कुनी हाक मारू नये असं निजायचं हाय.

मेजर ऐकत होते. त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

"परत सांग," म्हातारी म्हणाली.

मी परत सांगितलं. म्हातारी समोरच्या रिकाम्या मांडवाकडं बघत राहिली. तिचा हात घोंगडीवरून फिरत होता, एखाद्या निजलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरावा तसा.

"नसती मारली गं म्या हाक," ती म्हणाली. "नसती मारली."